वहिवाट

२०१९ च्या एप्रिलमधली संध्याकाळ होती. डब्लिनला तेव्हा आठ वाजले तरी उजेड असतो. मी कणीक मळत होते आणि दाराची घंटी वाजली. दारात दोघं उभी. एक तिशीतला तरुण, कोटावर बिल्ला लावलेला. आणि त्याच्यासोबत सत्तरी ओलांडलेली एक बाई, हातात पत्रकांचा गठ्ठा. कौन्सिलच्या निवडणुकीचा प्रचार चालू होता. माझे हात पिठाचे होते, त्यामुळे पत्रक न घेताच मी म्हटलं, "आम्ही भारतातले. इथले नागरिक नाही. तुमचा वेळ उगाच जाईल."

तरुण ओशाळून एक पायरी खाली उतरला. म्हातारी मात्र जागची हलली नाही. तिने विचारलं, "पण इथे राहता ना?"

"राहतो की. दोन वर्षं झाली."

"मग कौन्सिलला तुम्हाला मत आहे."

मी तिला आमचा व्हिसा समजावून सांगू लागले. तिने मान हलवून मला थांबवलं. व्हिसाबिसाचं तिला काही ठाऊक नव्हतं. या घरात राहता, वयाची अठरा वर्षं झालीत, एवढं तिला पुरेसं होतं. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर तिने पेनाने एका अर्जाचं नाव लिहिलं, आरएफए-२, आणि कागद दाराजवळच्या कपाटावर ठेवून ती दोघं शेजारच्या घराकडे वळली.

रात्री नवरा आणि मी कायदा वाचत बसलो. म्हातारीचं बरोबर होतं. आयर्लंडमध्ये १९६३ च्या निवडणूक कायद्यापासून स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. त्या भागात नेहमीची राहणारी व्यक्ती असलात की झालं. किती वर्षं राहिलात हेही कोणी विचारत नाही. आश्रय मागायला आलेला माणूस, ज्याच्या अर्जाचा निकालही लागलेला नाही, तोही मत देऊ शकतो. उमेदवारही होऊ शकतो. दोन वर्षं आम्ही दारावर येणाऱ्या प्रत्येकाला "आम्ही इथले नाही" म्हणून परत पाठवत होतो, आणि या देशाने आमच्या जन्माआधीच आम्हाला "कौन्सिलपुरते इथलेच" म्हणून ठेवलं होतं.

मतदारयादी फेब्रुवारीतच लागलेली होती. उशिरा नाव घालायचं तर तो आरएफए-२ भरून गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ठाण्यात जाऊन त्यांच्यासमोर सही करायची आणि शिक्का घ्यायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं ऐकत वाढलेली मी. परक्या देशात आपल्या पायाने पोलिस ठाण्यात जायचं, तेही मत मागायला, ही कल्पनाच झेपत नव्हती. राहण्याचा परवाना असलेलं कार्ड पर्समध्ये तीनदा तपासलं. मतासाठी अर्ज केला म्हणून पुढच्या नूतनीकरणात कोणी बोट ठेवणार नाही ना, ही शंका मनातून जाईना. खिडकीमागच्या गार्डाने पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि हवामानाबद्दल काहीतरी बोलला. पाच मिनिटं लागली असतील. ती भीती मात्र मी विसरलेले नाही, कारण नंतर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी, तेलुगू, मल्याळी घरात मला तीच दिसली. कायद्याने हक्क दिलेला असतो, आणि माणूस घरातल्या घरात स्वतःच स्वतःचं नाव खोडून बसलेला असतो.

मतदान २४ मे रोजी होतं. प्राथमिक शाळेचं सभागृह, भिंतीवर मुलांची चित्रं, आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल. त्या दिवशी तीन मतदानं एकत्र होती: कौन्सिल, युरोपीय संसद, आणि घटस्फोटाच्या अटी बदलण्यासाठीचं सार्वमत. माझ्या पुढच्या बाईंना तीन पत्रिका मिळाल्या. टेबलावरच्या माणसाने यादीवर पट्टी सरकवत माझं नाव शोधलं, नावाशेजारचं अक्षर पाहिलं आणि मला एकच पत्रिका दिली. यादीत प्रत्येकाचा दर्जा एका अक्षराने लिहिलेला असतो. ब्रिटिशांना 'डी', ते इथल्या संसदेसाठीही मत देतात. युरोपीय संघातल्या इतरांना 'ई'. माझ्यासारख्यांना 'एल', लोकलचा.

एकच पत्रिका हातात आली तेव्हा क्षणभर कमीपणा वाटला, खोटं कशाला सांगू. पण आडोशात गेल्यावर तो टिकला नाही. लांबलचक पत्रिका, प्रत्येक उमेदवाराचा फोटो, आणि नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पुणे पदवीधर मतदारसंघात मी एकदा असाच पसंतीक्रम दिला होता, त्यामुळे हात सरावलेला होता. आमच्या ओंगर प्रभागात पाच जागा. पाच जागा असल्या की एकूण मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा एक मत जास्त मिळालं की माणूस निवडून येतो, आणि तिथवर पोचायला बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं लागतात. म्हणून उमेदवार दारात येऊन "पहिली नाही तर निदान तिसरी तरी द्या" असं मोकळेपणाने मागतात. आमच्या दाराची घंटी वाजण्यामागे त्या म्हातारीचा चांगुलपणा होता तसं हे गणितही होतं. विखुरलेल्या, थोड्या लोकांचं मत जिथे मोजावं लागतं, तिथे त्यांची दारं वाजतात.

बाहेर पडल्यावर बोटाकडे पाहिलं. इथे शाई लावत नाहीत. घरच्या ग्रुपवर टाकायला काहीच नव्हतं, म्हणून शाळेच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो काढला आणि पाठवला.

लगेच अण्णांचा फोन आला. माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. त्यांनी आधी सगळी पद्धत नीट विचारून घेतली, मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे तुझं नाव साताला नाही, बाराला आहे."

सातबारा हा एकच कागद वाटतो, पण ते गाव नमुने दोन आहेत. सातवर जमीन कोणाच्या नावे आहे ते, आणि बारावर तिच्यात काय पिकलं ते. जुन्या बारावर 'जमीन करणाराचे नाव' असा एक रकाना असे, आणि त्याच्याजवळ 'रीत' असा दुसरा: मालक स्वतः कसतो, की खंडाने, की बटईने. अण्णा सांगत की गावातली अर्धी भांडणं या दोन नावांमधल्या अंतरातून उगवतात. मालक पुण्या-मुंबईला, आणि तीस वर्षं नांगर धरणारा वेगळाच. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कृषकदिन धरला गेला, आणि कसणाऱ्याचं नाव इकडून तिकडे सरकलं. ते सरकण्याआधीही बाराच्या रकान्याला वजन होतं. वहिवाट लिहिलेली असली की कोणाला "तू कोण?" असं म्हणता येत नाही.

अण्णांच्या त्या एका वाक्यामुळे मला याहून जुनी गोष्ट आठवली. पेशवाईतल्या गावात शेतकरी दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तो सारा जास्त भरी, आणि गावकीच्या बैठकीत त्याच्या शब्दाला मान होता. उपरी बाहेरून आलेला, कराराने जमीन करणारा. तोही तीच विहीर वापरी, त्याच पावसाची वाट पाही, पण गावाचा निर्णय होताना त्याला शब्द नव्हता. 'उपरा' हा शब्द आपण आज किती सहज वापरतो! तो मुळात शिवी नव्हता, महसुलाच्या दप्तरातली नोंद होती. ज्याला बोलायचा हक्क नाही त्याचं नाव पुढे हिणवण्याचा शब्द होतं, हे मला फार बोलकं वाटतं.

या विषयावर बोलताना मराठी माणसं हटकून लिओ वराडकरांचं नाव काढतात. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर अशोक वराडकर यांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, याचा अभिमान मलाही आहे. पण ते डब्लिनमध्ये जन्मलेले, जन्माने नागरिक. मला जे म्हणायचं आहे त्याला त्यांचं उदाहरण लागू पडत नाही. लागू पडतं ते रोटिमी अदेबारी यांचं. नायजेरियातून २००० साली बायकामुलांसह आश्रय मागत आलेला माणूस. २००४ मध्ये तो पोर्टलीश या लहानशा गावच्या कौन्सिलवर निवडून आला, आणि २००७ मध्ये तिथला महापौर झाला, आयर्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय महापौर. दिल्ली-मुंबईच्या बातम्यांत हे नाव कधी आलं असेल असं वाटत नाही. इथे ते मी प्रत्येक नव्याने आलेल्या माणसाला सांगते.

त्याच २००४ चा दुसरा प्रसंग मला अस्वस्थ करतो. ११ जूनला कौन्सिलच्या मतदानासोबत एक सार्वमत होतं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप मिळणारं नागरिकत्व काढून घ्यायचं का, असा प्रश्न होता, आणि जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी होकार दिला. त्या दिवशी शाळेच्या त्याच सभागृहात, त्याच टेबलासमोर, पोटुशी असलेली एखादी परदेशी बाई उभी असणार. तिला कौन्सिलची पत्रिका मिळाली असेल. तिच्या पोटातल्या मुलाबद्दलची पत्रिका मात्र तिच्या मागच्या माणसाला मिळाली असेल, तिला नाही. 'एल' या अक्षराची हद्द कुठे संपते हे इतकं लख्ख दुसऱ्या कशाने कळत नाही.

जगात याची उत्तरं निरनिराळी निघाली आहेत. स्वीडनने १९७६ पासून परदेशी रहिवाशांना स्थानिक मत दिलं, नेदरलँड्सने ऐंशीच्या दशकात पाच वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवर. न्यूझीलंडमध्ये कायम रहिवासी १९७५ पासून थेट संसदेसाठीही मत देतात. ब्रिटनमधली गोष्ट तर आपल्याकडे फारशी कोणाला माहीतच नाही. राष्ट्रकुलातला देश म्हणून भारतीय पासपोर्ट असलेला माणूस तिथे खासदारही निवडू शकतो. स्लाऊला राहणारी माझी मैत्रीण निवडते. उलट जर्मनीत १९८९ मध्ये हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या दोन राज्यांनी असे कायदे केले, आणि ३१ ऑक्टोबर १९९० रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केले. सत्ता लोकांपासून उगम पावते असं घटना म्हणते, आणि लोक म्हणजे जर्मन लोक, असा तो निकाल. दोनच वर्षांनी झालेल्या मास्ट्रिक्ट करारामुळे पुढे युरोपीय संघातल्या परकीयांसाठी तिथल्या गावांची दारं उघडली. १९६१ च्या करारानंतर कारखान्यांत कामाला आलेले तुर्क, ज्यांची नातवंडंही आता तिथेच वाढतायत, पासपोर्ट तुर्कस्तानचाच असेल तर बाहेरच राहिले. न्यूयॉर्क शहराने कायदेशीर रहिवाशांना शहरापुरतं मत देणारा कायदा केला होता. तोही मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

आयरिश कौन्सिलच्या हातात आहे तरी काय, असा प्रश्न रास्त आहे. शाळा तिच्याकडे नाहीत, दवाखाने नाहीत, पोलिस नाहीत. घरबांधणी, रस्ते, वाचनालयं, बागा, अग्निशमन, विकास आराखडा, आणि घरपट्टी ठरावीक टक्के कमी-जास्त करणं. कारभाराच्या बऱ्याच किल्ल्या नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे. कौन्सिलकडे फार सत्ता नाही म्हणूनच परक्यांना मत देणं या देशाला सोपं गेलं, असंही मला वाटतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण माझं रोजचं जगणं किती त्या यादीत आहे! लेकीला ढकलगाडीत घालून मी ज्या वाचनालयात जायचे ते, ज्या बागेत रविवारी आमची पोरं क्रिकेट खेळतात ती, वसाहतीमागची पाऊलवाट. त्या पाऊलवाटेवर दिवा नव्हता. नोव्हेंबरात इथे पाच वाजायच्या आत काळोख पडतो. मी आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेला मेल लिहिला, तिने तो विषय बैठकीत मांडला, आणि पुढच्या हिवाळ्याआधी तिथे दोन खांब उभे राहिले. खांब मत नसतं तरी उभे राहिले असते कदाचित. पण मेल लिहायला मी बसले असते का, याची मला खात्री नाही.

पुण्यातल्या माझ्या ताईला हे सगळं पटत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे: "एवढं वाटतं तर नागरिकत्व घे. तिथले कायदे, तिथलं सुखदुःख पत्कर, मग मत माग." हा मुद्दा हलका नाही. पाच वर्षांचं वास्तव्य झालं की इथे नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि आमची ती वर्षं २०२२ मध्येच पुरी झाली. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इथलं घेतलं की तिथलं परत करायचं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर कोणत्याही निवडणुकीत मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर तेवढी. आज माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे म्हणून कायद्याने माझं मत गावाकडे शाबूत आहे, पण ते द्यायला मला प्रत्यक्ष गावच्या केंद्रावर उभं राहावं लागतं. २०१० च्या दुरुस्तीने परदेशातल्या भारतीयांना यादीत नाव दिलं, टपालाची सोय दिली नाही. थोडक्यात, जिथे नाव आहे तिथे मी नसते आणि जिथे मी असते तिथे संसदेसाठी नाव नाही. या मधल्या वर्षांत, जी कोणाच्या आयुष्यात पाच असतात तर कोणाच्या पंचवीस, माणसाने कुठेच बोलू नये का?

मी ताईलाच उलट विचारलं. तिच्या सोसायटीत नेपाळहून आलेले वॉचमन वीस वर्षं राहतात. १९५० च्या करारामुळे ते कायदेशीरच राहतात, काम करतात. त्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत जातात, पाणी आलं नाही तर पहिली हाक त्यांना जाते. महापालिकेपुरतं त्यांना मत द्यावं का? ताई गप्प झाली. खरं सांगायचं तर प्रश्न विचारताना मीही गप्पच झाले होते, कारण पुण्यात होते तोवर हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं. आपल्याकडे महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे नागरिक नसलेल्याचा प्रश्न तिथे उपटतच नाही. माझं आजचं उत्तर 'द्यावं' असं आहे. सीमेची, घुसखोरीची भीती घालून हा विषय आपल्याकडे लगेच बंद केला जाईल हे दिसतं आहे, तरीही.

७ जून २०२४ ला मी दुसऱ्यांदा मत दिलं. आता गार्डाचा शिक्का लागत नाही, नाव ऑनलाइन घालता येतं. पण हवा बदललेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या मध्यवस्तीत बस आणि ट्राम जाळल्या गेल्या, त्या रात्री आम्ही दिवे मालवून बसलो होतो. निवडणुकीत 'आयर्लंड भरलं' म्हणणारी पत्रकं आली. तसलं एक पत्रक आमच्याही दारात पडलं, बहुधा घर कोणाचं हे न पाहता. मी ते पूर्ण वाचलं. मतपत्रिकेवर त्या माणसाचाही फोटो होता. मी ज्यांना आकडे द्यायचे त्यांना दिले आणि त्याच्यापुढची चौकट कोरी ठेवली. पेन्सिल खाली ठेवताना हात थरथरत नव्हता, एवढं मला आठवतं. पाच वर्षांपूर्वी थरथरला होता. त्या संध्याकाळी ताईशी बोलताना लक्षात आलं की तिच्या पुण्याला तेव्हा नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत होते. नागरिक असलेल्या ताईकडे खड्ड्याबद्दल विचारायला निवडलेला माणूस नव्हता, आणि माझ्याकडे पाच होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या 'ताला' भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने रस्त्यात मारहाण केली, त्याचे कपडे ओढून काढले. आमच्या ग्रुपवर आठवडाभर भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं: मुलांना एकटं सोडू नका, संध्याकाळी पाऊलवाटेने जाऊ नका. आमच्या पाचही नगरसेवकांना मी मेल लिहिला. शेवटी नावाखाली 'या प्रभागातली मतदार' असं लिहिलं. उत्तरं आली.

नागरिकत्वाचा अर्ज अजून टेबलाच्या खणातच आहे. अण्णा त्याबद्दल कधी विचारत नाहीत. ते इथे एकदाच आले, २०१९ च्या नोव्हेंबरात. पुढच्या वर्षाच्या मतदारयादीचा मसुदा तेव्हा वाचनालयात लोकांना पाहायला ठेवलेला होता. मी त्यांना पुस्तकं दाखवायला नेलं होतं, आणि ते त्या यादीपाशी थांबले. चष्मा लावला, आमचा रस्ता शोधला, आणि सवयीने बोट एकेका ओळीवरून खाली आणू लागले. पोलिश नावं, नायजेरियन नावं, आयरिश नावं, दोन रेड्डी, मग आम्ही. माझ्या नावाशेजारच्या 'एल'वर त्यांचं बोट थांबलं.

"ही रीत लिहिलीय," ते म्हणाले.

मग त्यांनी नाव पुन्हा वाचलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं. ठाण्याच्या धास्तीत मीच अर्जावर गिचमिड लिहिलं होतं.

"हे आजच दुरुस्त करून घे," अण्णा म्हणाले. "नावातली चूक राहिली की ती पोरांना निस्तरावी लागते." दुरुस्तीचा अर्ज काउंटरवरच मिळाला. मी लिहीत होते आणि ते मागे उभे राहून एकेक अक्षर मोठ्याने सांगत होते.